लायपोसक्शननंतरचा रुग्ण : आधी व्रणी, मग स्थूल

शस्त्रक्रियेद्वारे मेद शोषून काढण्याचा प्रकार एके काळी केवळ मुंबईतील चित्रपटव्यवसायाशी संबंधित मानला जात असे. आज तो मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत पोहोचला आहे, आणि अशी शस्त्रक्रिया करून घेतलेले रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वैद्याची पायरी चढू लागले आहेत. त्यांच्या मागण्या ठरावीक असतात. सूज उतरत नाही, एखादा काढा द्या. पोट लाकडासारखे कठीण लागते, तेल लावून चोळू का? राहिलेल्या चरबीसाठी उद्वर्तन कधी सुरू करायचे? आणि पुन्हा वजन वाढू नये म्हणून गुग्गुळाच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या?

या चारही मागण्यांमागे एकच समजूत आहे. रुग्ण स्वतःस अद्याप स्थूल समजतो आणि अनेकदा वैद्यही त्यास स्थूल म्हणूनच तपासतो. आमचे म्हणणे असे की शस्त्रक्रियेनंतरचे पहिले ६ आठवडे हा रुग्ण स्थौल्याचा नसून व्रणाचा आहे. त्याची त्वचा वरून अखंड दिसते, २-४ छोट्या छिद्रांखेरीज काही दिसत नाही. परंतु त्वचेखाली तळहाताहून कितीतरी मोठा व्रण पसरलेला असतो. हे एकदा ध्यानी आले की काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये हा प्रश्न पुढे येतो, आणि या रुग्णाच्या बाबतीत तोच अधिक महत्त्वाचा आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय घडते

या विधीचा आरंभ युरोपात झाला. रोम येथील फिशर पितापुत्रांनी १९७४ च्या सुमारास पोकळ नळीने मेद काढण्याचा प्रयोग केला. पॅरिसच्या इव्ह-जेरार्ड इलूझ यांनी १९७७ पासून बोथट टोकाची कॅन्युला वापरून रक्तवाहिन्यांची हानी कमी केली. पुढे कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये 'ट्युमेसंट' पद्धती प्रसिद्ध केली. सलाइनमध्ये अत्यल्प प्रमाणात लिग्नोकेन व अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून तो द्रव मेदाच्या थरात भरावयाचा, तो भाग फुगून घट्ट झाला की मग मेद शोषून घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. तिच्यामुळे रक्तस्राव पुष्कळच घटला. आज रूढ असलेल्या बहुतेक पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

काही उत्साही मंडळी सुश्रुतांच्या अष्टविध शस्त्रकर्मांतील विस्रावणात लायपोसक्शनचे मूळ शोधतात. तसे करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. मेदोज ग्रंथी छेदून काढण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे. सर्वांगातील मेदोवृद्धीसाठी शस्त्र सांगितलेले नाही. सुश्रुतांचा आधार या रुग्णासाठी निश्चित घ्यावयाचा आहे, परंतु तो व्रणिताच्या उपचारासाठी.

शस्त्रक्रियेनंतर काय स्वाभाविक आहे हे ठाऊक नसेल तर वैद्य उगाच औषध देतो किंवा उगाच धीर देतो. पहिले १ ते ३ दिवस छिद्रांतून लालसर पाणी झिरपते. भरलेल्या द्रवाचाच तो उरलेला अंश असतो. काळेनिळे डाग १ ते २ आठवडे राहतात व गुरुत्वाने खाली उतरतात. पोटाची शस्त्रक्रिया असताना जांघेत किंवा जननेंद्रियांवर डाग व सूज दिसली म्हणजे रुग्ण घाबरून जातो. सूज पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते, ४ ते ६ आठवड्यांत बरीच ओसरते आणि अंतिम आकार दिसण्यास ३ ते ६ महिने लागतात. मधल्या काळात त्या जागी कठीणपणा व गाठीसारखा स्पर्श जाणवतो. त्वचेची बधिरता तर कित्येक महिने टिकू शकते. तिसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर फरक न दिसल्याने निराश झालेल्या रुग्णास हा कालक्रम समजावून सांगणे हे अनेकदा काढ्यापेक्षा उपयुक्त ठरते.

व्रणितोपासनीय अध्यायाकडे पुन्हा एकदा

सूत्रस्थानाचा १९ वा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. या रुग्णासाठी तो पुन्हा काढून वाचावा. जुन्या शालीचा भात, मुगाचे यूष, तांदुळजा, जीवंती, चाकवत, पडवळ, कारले, डाळिंब, आवळा, सैंधव, तुपाची फोडणी हे सारे तेथे आहे. नवे धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, वाल, गुळाचे व पिठाचे पदार्थ, शिळे व सुके मांस, अति आंबट-खारट-तिखट हे वर्ज्य सांगितले आहे. आपल्या घरांतून मूगभात, तांदुळज्याची भाजी व वर चमचाभर तूप यांत हे पथ्य सहज बसते. मांसाहारी रुग्णास जांगल मांसरसाच्या जागी कोंबडीचे साधे सूप व अंडी चालतात. त्या अध्यायात दूध व दही यांचाही निषेध आहे. येथे आम्ही तारतम्य बाळगतो. व्रण भरून येण्यास प्रथिने लागतात. शाकाहारी रुग्णाचे दूध पूर्ण तोडून त्यास केवळ पेजेवर ठेवणे आम्हांस मान्य नाही. दही मात्र टाळतो.

रुग्ण स्वतःहून उपवास करू पाहतो, हे विशेष. इतका खर्च झाला आहे तर आता कडक राहू, असा त्याचा विचार असतो. शोथाच्या चिकित्सेत अपतर्पण सांगितले आहे हे खरे. परंतु तेथेच दुर्बल, तृषार्त, क्षुधित व श्रांत व्यक्तींस ते वर्ज्य म्हटले आहे. ज्याच्या अंगातून एका बैठकीत काही लिटर द्रव व मेद निघाला, तो या वर्गात मोडतो. एकूण ५ लिटरहून अधिक काढलेले असल्यास शस्त्रवैद्य त्यास मोठ्या प्रमाणातील लायपोसक्शन मानतात आणि अशा रुग्णास रात्रभर देखरेखीत ठेवणे इष्ट समजतात. थकवा, चक्कर, धडधड असल्यास प्रथम हिमोग्लोबिन पाहावे; लंघनाचा विषय काढू नये. आठवड्यातून एकदा घ्यावयाची वजन कमी करणारी इंजेक्शने २०२५ पासून आपल्या बाजारात अधिक संख्येने आली आहेत. रुग्ण ती घेत असल्यास त्याची भूक आधीच मंदावलेली असते, हेही विचारून घ्यावे.

ग्रंथवचन जसेच्या तसे लागू करू नये अशी एक जागा आहे. याच अध्यायात व्रणिताने, शक्ती असली तरी, फार चालणे-फिरणे व प्रवास करू नये असे म्हटले आहे. लायपोसक्शनच्या रुग्णास मात्र पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालवावे लागते, कारण पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो. दिवसा झोपू नये हा त्याच अध्यायातील दुसरा नियम येथे अगदी कामी येतो. दिवास्वापाने व्रणाच्या ठिकाणी कंडू, शोथ, वेदना व स्राव वाढतात असे सुश्रुत सांगतात. रुग्णास तेवढे सांगितले तरी तो उठून बसतो. प्रवासाविषयीचा इशाराही तसाच पाळावा.

दाब देणाऱ्या पोशाखाबद्दलही रुग्ण आपल्याकडेच तक्रार करतात. तो ४ ते ६ आठवडे, बहुधा दिवसरात्र, घालावयाचा असतो आणि आपल्याकडील उन्हाळ्यात नकोसा होतो. बंधविधी सांगताना सुश्रुतांनी स्फिक्, वंक्षण व ऊरू या स्थानी गाढ बंध, उदर व पार्श्व या स्थानी सम बंध आणि संधींवर शिथिल बंध असा भेद केला आहे. आम्ही हा भेद पोशाख तपासताना वापरतो. मांडीवर तो घट्ट असावा. पोटावर इतका नसावा की श्वास अडखळेल किंवा जेवण जाणार नाही. गुडघ्यामागे व जांघेत घडी पडून करकोचा उमटत असेल तर तो ताबडतोब शस्त्रवैद्याकडून बदलून घ्यावा. 'वैद्यांनी सांगितले म्हणून काढून ठेवला' असे घडू देऊ नये.

जे करू नये

सर्वांत प्रथम स्वेदन. बधिर त्वचेला उष्णता कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, नाडीस्वेद, पत्रपोट्टली, इतकेच काय घरचा तव्यावर गरम केलेला फडका, यांनी अशा त्वचेवर खोल भाजल्याच्या जखमा होतात आणि फोड दिसेपर्यंत रुग्णास पत्ताही लागत नाही. कठीण लागते म्हणून शेक, हा आपला नित्याचा तर्क येथे घातक आहे. स्पर्शज्ञान परत आले की नाही हे कापसाच्या बोळ्याने व थंड-कोमट पाण्याच्या दोन नळ्यांनी तपासल्याविना त्या भागावर स्वेदन करू नये.

उद्वर्तनाचेही तेच. खरखरीत चूर्णाने प्रतिलोम घर्षण करणे हे अखंड, निरोगी त्वचेसाठी आहे. खाली नव्याने जुळत असलेल्या थरांसाठी नाही. शस्त्रवैद्य कधी कधी पहिल्या काही आठवड्यांतच हलका लसिकावाही मसाज सुचवतात. तो अगदी पिसासारख्या स्पर्शाचा असतो व त्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती लागते. त्यास आपले अभ्यंग समजून मर्दन करू नये. आमच्या मते ६ आठवड्यांपूर्वी त्या भागास हात लावू नये, त्यानंतर शस्त्रवैद्याच्या संमतीने मृदू अभ्यंग करावे, आणि उद्वर्तन ३ महिन्यांनंतर.

लेप अखंड त्वचेवरच लावावा. छिद्रांवर वा दाबाच्या पोशाखाखाली कोणताही लेप नको. नीलिमा पाहून जलौका लावण्याचा मोह होतो. रुग्ण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असतो, व्रण ताजा असतो आणि जळवांच्या आतड्यात राहणारे जंतू अशा ठिकाणी संसर्ग घडवू शकतात. तो मोह आवरावा. वमन, विरेचन व लेखन बस्ती यांचा विचार ३ महिन्यांपर्यंत करू नये असे आमचे मत आहे. विरेचनाने होणारा जलक्षय रक्त घट्ट करतो, आणि नेमके तेच येथे टाळावयाचे असते.

औषधे आणि औषधविक्रेते

औषधांच्या बाबतीत काळजी शस्त्रक्रियेच्या आधीपासून घ्यावी लागते. गुग्गुळ, लसूण, सुंठ आणि हळदीतील कर्क्यूमिनच्या सत्त्वरूप गोळ्या यांचा रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी किमान २ आठवडे वनौषधी थांबविण्याचा सल्ला दिला आहे. नवक गुग्गुळासारख्या कल्पात त्रिकटूही असते. मिऱ्यातील पायपेरीन यकृतातील ज्या विकरास मंद करते, त्याच विकराच्या साहाय्याने लिग्नोकेनचे पचन होते. ट्युमेसंट पद्धतीत लिग्नोकेनची एकूण मात्रा मोठी असते, हे लक्षात घेता शस्त्रक्रियेच्या आसपास त्रिकटूयुक्त कल्प बंद असणेच शहाणपणाचे. यष्टिमधूने पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. अश्वगंधा गुंगी वाढवू शकते. रुग्ण आपण होऊन भूलतज्ज्ञास हे सांगत नाही, कारण 'ते काही औषध नव्हे, आयुर्वेदिक आहे' अशी त्याची समजूत असते. ही समजूत आपणच पोसली आहे. म्हणून चालू कल्पांची नावे व मात्रा आपल्या चिठ्ठीवर लिहून ती रुग्णाच्या हाती द्यावी.

औषधविक्रेत्या मित्रांना आमची दोन गोष्टींची विनंती आहे. गल्ल्यावर मेदोहर गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकास 'अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का' एवढे दोनच प्रश्न विचारावेत; होकार आल्यास गोळ्या न देता वैद्याकडे धाडावे. दुसरे, वजन उतरवणारी निनावी चूर्णे व कॅप्सूल ठेवू नयेत. सिब्युट्रामीन हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले, पण वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते मिसळलेले पुन्हा पुन्हा सापडले आहे. नाडी व रक्तदाब वाढविणारे असे द्रव्य पोटात असताना भूल देणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. शिवाय औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. स्थौल्य बरे करण्याच्या जाहिरातीचा फलक दुकानात टांगणे हा कायद्याचा भंग आहे.

केव्हा क्षणभरही थांबू नये

ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे म्हणून ती किरकोळ आहे, असे नाही. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीत, जी २००० साली प्रसिद्ध झाली, ४,९६,२४५ शस्त्रक्रियांमागे ९५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे दर लाखामागे सुमारे १९. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा फुप्फुसात गुठळी अडकल्याने झाला होता. तंत्र त्यानंतर सुधारले आहे, पण धोका संपलेला नाही. मे २०२२ मध्ये बंगळूरु येथे २१ वर्षांच्या एका कन्नड दूरचित्रवाणी अभिनेत्रीचा मेद काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाल्याचे आपण वाचले असेल.

आमच्या चिकित्सालयात एक पंचेचाळिशीच्या बाई शस्त्रक्रियेनंतर १० व्या दिवशी आल्या. रात्रभर बसने प्रवास करून गावी आल्या होत्या. तक्रार फक्त एवढीच की डावी पोटरी आखडली आहे, वाताचे तेल चोळून द्या. मोजपट्टी लावली तेव्हा डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा ४ सेंटीमीटरने अधिक भरला. दाबल्यावर दुखत होते, स्पर्श उष्ण होता. तेलाची बाटली कपाटातच राहिली. त्याच दिवशी डॉप्लर तपासणीत खोल शिरेत गुठळी असल्याचे कळले व रुग्णालयात उपचार सुरू झाले. अशा पोटरीवर मर्दन केले असते तर ती गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकली असती. लायपोसक्शनच्या प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही पोटऱ्या मोजाव्यात. मोजपट्टी व एक मिनिट, एवढाच खर्च आहे.

एकाएकी धाप, छातीत टोचल्यासारखी वेदना, जलद नाडी ही लक्षणे असल्यास रुग्णास वाहनातून थेट रुग्णालयात पाठवावे. पहिल्या ३ दिवसांत धापेबरोबर भ्रम व छातीवर, काखेत वा डोळ्यांच्या आतील त्वचेवर बारीक लाल ठिपके दिसल्यास मेदाचे कण रक्तात गेल्याची शंका घ्यावी. शस्त्रक्रियेच्या रात्री, सुमारे १२ तासांच्या आसपास, ओठ-जीभ बधिर होणे, कानात आवाज, तोंडाला धातूची चव, ग्लानी ही लिग्नोकेनच्या विषारी परिणामाची चाहूल असते, आणि त्यानंतर झटके येऊ शकतात. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास वाढत जाणारे पोटदुखी-आध्मान व ज्वर असल्यास आतड्यास छिद्र पडले नसल्याची खात्री व्हावी लागते. त्यास अजीर्ण समजून हिंग्वष्टक देत बसू नये. दिसणाऱ्या व्रणाच्या मानाने वेदना अतितीव्र, त्वचा जांभळी-काळपट, फोड, दाबल्यावर कुरकुर आवाज, ही मांस सडविणाऱ्या संसर्गाची लक्षणे आहेत आणि तेथे तासांचा हिशेब असतो.

याउलट एक उपद्रव फार संथपणे येतो. सर्व काही ठीक झाल्यावर कित्येक आठवड्यांनी छिद्रांजवळ लालसर गाठी येतात, फुटतात, पाणी वाहू लागते, एक बसली की दुसरी येते. नेहमीच्या प्रतिजैविकांनी गुण येत नाही आणि रुग्ण 'नाडीव्रण' म्हणून आपल्याकडे येतो. क्षयाच्या जंतूंच्या कुळातील, परंतु शीघ्र वाढणारे काही जंतू पाण्यात व नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांत राहतात, आणि लायपोसक्शननंतर त्यांच्या साथी अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. क्षयाची नेहमीची औषधे त्यांवर चालत नाहीत. क्षारसूत्र वा वर्ती योजण्यापूर्वी स्रावाची त्या जंतूंसाठी कल्चर तपासणी करून घ्यावी आणि तशी स्पष्ट सूचना प्रयोगशाळेस लेखी द्यावी, अन्यथा ती तपासणी होतच नाही.

सहा आठवड्यांनंतर

येथून पुढे आपले खरे क्षेत्र सुरू होते. शस्त्रक्रियेने आकार बदलतो, प्रकृती बदलत नाही, हे पाश्चात्त्य संशोधकांनीच दाखवून दिले आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथील सॅम्युअल क्लाइन व सहकाऱ्यांनी १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील मेद मोठ्या प्रमाणात काढून १० ते १२ आठवड्यांनी तपासणी केली. इन्सुलिनची कार्यक्षमता, रक्तदाब, रक्तातील मेद यांत उल्लेखनीय फरक पडला नव्हता (२००४). कोलोरॅडोतील २०११ च्या अभ्यासात वर्षभरात काढलेल्या मेदाइतकाच मेद परत आला. मांड्या बारीकच राहिल्या, भर पोटाच्या भागात पडली. ब्राझीलमधील २०१२ चा अभ्यास वैद्यांना सर्वाधिक उपयोगी आहे. ज्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर व्यायाम केला नाही, त्यांच्या उदरातील अवयवांभोवतीचा मेद सहा महिन्यांत सुमारे १० टक्क्यांनी वाढला; ज्यांनी ४ महिने नियमित व्यायाम केला त्यांच्यात ही वाढ झाली नाही.

मेदाने मार्ग अडलेला वायू कोष्ठात फिरून अग्नी प्रदीप्त करतो व स्थूल मनुष्य पुन्हा पुन्हा खातो, हे चरकांनी अष्टौनिंदितीय अध्यायात सांगितलेले निदान नळीने दूर होत नाही. गुरू व अपतर्पण करणारा आहार, यव, सावा, वरी, मूग, कुळीथ, गुडूची, मुस्ता, त्रिफळा, मधु, तक्रारिष्ट आणि व्यायाम ही त्यांची योजना ६ आठवड्यांनंतर, रक्त पातळ करणारी औषधे थांबल्यावर व शस्त्रवैद्याशी बोलून, क्रमाक्रमाने सुरू करावी. आम्ही प्रथम आहार व चालणे, तिसऱ्या महिन्यात जोमाचा व्यायाम व गरजेनुसार गुग्गुळ कल्प, असा क्रम ठेवतो. पोटरी दुखावलेल्या ज्या बाईंचा उल्लेख वर केला, त्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ६ महिने चालल्या. तोवर त्यांना गुग्गुळ दिला नाही, केवळ यवाची भाकरी, मुगाचे कढण आणि दररोज पाऊण तास चालणे ठेवले.

नोंदवहीत वजनाबरोबर कमरेचा घेर अवश्य लिहावा, दर महिन्यास, त्याच मोजपट्टीने व सकाळी जेवणापूर्वी. मांडीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची कंबर वाढू लागली, तर ती काट्याच्या आधी मोजपट्टीवर दिसते.